शेजारच्या टाउनचा कराचा दर कमी दिसतो म्हणून घर विकायचं?

न्यू जर्सीतल्या एका वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: त्यांच्या टाउनमध्ये बऱ्याच वर्षांनी रीव्हॅल्युएशन, म्हणजे सगळ्या मालमत्तांचं नव्याने मूल्यांकन झालं आणि घराची असेसमेंट, म्हणजे करासाठी धरलेली किंमत, ३,००,००० डॉलरवरून ५,४०,००० झाली. मालमत्ता कराचा सध्याचा दर शंभर डॉलरला ३ डॉलर. त्या हिशेबाने वर्षाचा कर ९,००० वरून थेट १६,२०० वर जाणार. शेजारच्या टाउनचा दर मात्र १.९ आहे. तर घर विकून तिकडे जावं का?

तुमचा गुणाकार चुकलेला नाही, पण तुम्ही नवी असेसमेंट जुन्या दराने गुणली आहे. रीव्हॅल्युएशन झालं की तो ३ डॉलरचा दर जातो. नवा दर साधारण उन्हाळ्यात ठरतो, म्हणून तुमच्या हातातल्या असेसमेंटच्या पत्रात तो नाही.

टाउन आधी दर ठरवून मग पैसे गोळा करत नाही. शाळा, काउंटी आणि टाउनचा कारभार यांना किती रक्कम लागणार हे आधी ठरतं. त्यात सर्वांत मोठा वाटा शाळांचा. त्या रकमेला गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या एकूण असेसमेंटने भागलं की दर निघतो. तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून ही रक्कम, म्हणजे एकूण वसुली, सुमारे ६ कोटी डॉलर आहे आणि एकूण असेसमेंट २०० कोटींवरून ३२० कोटींवर गेली आहे. ६ भागिले २०० म्हणजे ३ टक्के, ६ भागिले ३२० म्हणजे १.८७५ टक्के. त्या दराने तुमचा कर १०,१२५ डॉलर होतो. वाढ १,१२५ ची, ७,२०० ची नाही.

आता हे १,१२५ तरी का? गावाची असेसमेंट सरासरी ६० टक्क्यांनी वाढली, तुमची ८० टक्क्यांनी. तुमचं घर ४,८०,००० वर थांबलं असतं तर कर होता तेवढाच, ९,००० राहिला असता. तुमची वाढ सरासरीच्या वर आहे की खाली, एवढाच प्रश्न असतो. स्टेशनजवळची लहान, जुनी घरं मधल्या काळात जास्त महागली असतील, तर इतकी वर्षं त्यांच्या मालकांनी वाट्यापेक्षा कमी कर भरला असा त्याचा अर्थ होतो. ऐकायला कडू आहे, पण तुम्ही त्यांच्यातलेच दिसता.

एकूण वसुलीही दरवर्षी थोडी वाढते. २०१० च्या कायद्याने तिच्या वाढीला २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण त्यातून काही खर्च वगळलेले आहेत. कॅलिफोर्नियातले मित्र तुम्हाला वेगळंच सांगतील. तिथं १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ ने असेसमेंटलाच वर्षाला २ टक्क्यांचा लगाम घातला आहे. त्यांचा अनुभव इथं लावू नका.

शेजारच्या टाउनमध्ये ५,४०,००० चं घर घेतलंत आणि तिथल्या असेसमेंट बाजारभावाला धरून असल्या, तर १.९ टक्क्यांनी कर १०,२६० होतो. म्हणजे इथल्यापेक्षा १३५ डॉलर जास्तच. दोन गावांच्या दरांची तुलना करायची तर वर्षाचं बिल भागिले घराचा बाजारभाव, हाच आकडा बघायचा. आणि त्या गावात शेवटचं रीव्हॅल्युएशन कधी झालं तेही विचारा.

समजा तिथं कर अगदी ९,००० लागला, तरी इथलं घर विकताना ५ टक्के दलाली म्हणजे २७,००० डॉलर. वर्षाला १,१२५ वाचवून ते भरून निघायला २४ वर्षं लागतील. हलवाहलवीचा खर्च, विक्रेत्याला भरावी लागणारी ट्रान्सफर फी आणि हातातलं स्वस्त मॉर्गेज सोडून आजच्या व्याजाने नवं घेणं, हे मी धरलेलंच नाही. करासाठी घर विकू नका. शाळेसाठी किंवा नोकरीसाठी जायचं असेल तर तो वेगळा विषय.

अपीलचा विचार मात्र जरूर करा. आधी असेसर, म्हणजे टाउनचा असेसमेंट ठरवणारा अधिकारी, याच्या ऑफिसातून तुमच्या घराचं प्रॉपर्टी कार्ड (घराच्या तपशिलांची नोंद) मागवा आणि घरात फिरत ते ओळीओळीने ताडून बघा. अडीच बाथरूमच्या जागी तीन, नुसत्या सिमेंटच्या बेसमेंटला ‘फिनिश्ड’ (राहण्याजोगं), असल्या चुका मी पाहिल्या आहेत. मूल्यांकन करणाऱ्या कंपनीबरोबरच्या अनौपचारिक भेटीतच त्या दुरुस्त होऊ शकतात. तिथं जमलं नाही तर काउंटीच्या टॅक्स बोर्डाकडे अपील. मुदत एरवी १ एप्रिल, रीव्हॅल्युएशनच्या वर्षी १ मे. काही काउंटींचं वेळापत्रक वेगळं आहे, म्हणून असेसमेंट कळवणाऱ्या पोस्टकार्डावरची तारीख पाहा. आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला घराची किंमत काय होती, यावर सगळं ठरतं. त्यामुळे त्याच्या आसपास विकली गेलेली तुमच्यासारखी घरं शोधा. शेजाऱ्याची असेसमेंट किती हा पुरावा धरत नाहीत.

असेसमेंट ३०,००० ने उतरली तर वर्षाला सुमारे ५६२ डॉलर वाचतील, आणि फ्रीझ अ‍ॅक्टमुळे तो निकाल सहसा पुढची दोन वर्षंही लागू राहतो. म्हणजे तीन वर्षांत जेमतेम १,७०० डॉलर. एवढ्यासाठी वकील करणं मला पटत नाही. आणि बोर्ड असेसमेंट वाढवूही शकतं, तेव्हा हाती ठोस काही असेल तरच जा.

पैशाची तयारी ऑगस्टसाठी ठेवा. फेब्रुवारी आणि मेची बिलं मागच्या वर्षीच्या करावर निघतात, म्हणजे प्रत्येकी २,२५०. वर्षाची सगळी वाढ ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या बिलांवर पडते: २,८१२ आणि काही सेंट. ते बघून पुन्हा दचकू नका. पुढच्या फेब्रुवारीत बिल २,५३१ च्या आसपास येईल. कर मॉर्गेजच्या एस्क्रोतून (बँक हप्त्याबरोबर कराचे पैसे घेऊन ठेवते त्या खात्यातून) जात असेल तर बँक वर्षाचा हिशेब करताना वाढ आणि खात्यात कमी पडलेली तूट दोन्ही हप्त्यात घालेल, म्हणजे वर्षभर महिन्याला अंदाजे १९० डॉलर जास्त. तूट एकरकमी भरून टाकलीत तर वाढ साधारण निम्मी राहते. तेवढे पैसे बाजूला असतील तर मी तेच करीन.