रेड अलर्टच्या दिवशी पोहोचता आले नाही म्हणून दोन दिवसांचा पगार कापला

प्रश्न : मी बदलापूरला राहते आणि अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतील एका छपाई कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. सर्व भत्त्यांसह माझा पगार २२,५०० रुपये आहे. १९ ऑगस्ट २०२५ रोजी रेड अलर्ट होता. महापालिकेने सरकारी कार्यालयांना सुट्टी देऊन खासगी कार्यालयांना घरून काम करू देण्यास सांगितले होते. कंपनीचा लॅपटॉप माझ्याकडे होता आणि दर शनिवारी आम्ही घरूनच काम करतो, म्हणून सकाळी सात वाजता मी साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर तशी परवानगी मागितली. दहाच्या सुमारास उत्तर आले, ‘ऑफिस चालू आहे, यावेच लागेल.’ मी निघाले, पण ठाण्याच्या पुढे लोकल बंद झाल्याने मागे फिरावे लागले. घरी येऊन तीन ते सात मी बिलांच्या नोंदी केल्या. तरीही ५ सप्टेंबरला जमा झालेल्या पगारातून दोन दिवसांचे १,५०० रुपये कापले गेले, एक दिवस गैरहजेरीचा आणि एक दिवस ‘शिस्तीचा’. शिवाय आदेश न पाळल्याचा मेमो मिळाला. तो दाखवून आता वार्षिक वेतनवाढ अडवली आहे. त्या दिवशी आमच्यापैकी बाराजण आले नव्हते, त्यामुळे ‘नियमाने आठ दिवस कापता आले असते’ असे एचआर सांगते. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी सर्वांकडून हमीपत्र घेत आहेत की हवामानाच्या कारणाने गैरहजर राहिल्यास तो राजीनामा समजावा. पॅकिंगमधला एक सहकारी त्या रात्री घरी जाताना कंपनीच्या फाटकाबाहेर पाण्याखालच्या खड्ड्यात पडला आणि त्याचा घोटा मोडला. ‘फाटकाबाहेर घडले, आमचा संबंध नाही’ असे त्याला सांगण्यात आले. कंपनीवर गुन्हा दाखल करता येईल का? पैसे परत मिळतील का?

उत्तर : तुमच्या पत्रात चार-पाच तक्रारी एकत्र आल्या आहेत आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वजन सारखे नाही. ज्या एका दिवशी तुम्ही कारखान्यात नव्हता त्या दिवसाचा पगार हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा आहे. ‘शिस्तीचा’ म्हणून कापलेला दुसरा दिवस मात्र कंपनीला टिकवता येणे फार कठीण आहे. अर्जात हे दोन दिवस स्वतंत्र परिच्छेदांत मांडा, कारण दोन्हींची सरमिसळ झाली की कच्च्या मुद्द्यावरचा वाद पक्क्या मुद्द्यालाही ओढून नेतो.

प्रथम त्या दिवसाचे कायदेशीर स्वरूप पाहू. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा अधिक, म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’ पावसाचा इशारा. तो कोणत्याही मालकाला कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम नसतो आणि कामगाराला पगारी रजेचा हक्कही देत नाही. १९ ऑगस्टला मात्र इशाऱ्याच्या पुढचे पाऊल पडले होते, कारण महापालिकेने आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण या नात्याने खासगी आस्थापनांना सूचना दिली होती. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५१ खाली जिल्हा प्राधिकरणाचा निदेश पाळण्यास वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासाचा किंवा दंडाचा गुन्हा आहे, आणि तुम्ही विचारलेला गुन्हा तो हाच. पण त्या सूचनेत कामाच्या स्वरूपानुसार घरून काम द्यावे असे म्हटले होते आणि छपाईचे यंत्र घरून चालत नाही, हा बचाव कंपनी पहिल्याच दिवशी घेईल. त्यातच कलम ६० नुसार न्यायालय अशा गुन्ह्याची दखल केवळ प्राधिकरणाच्या तक्रारीवरून, किंवा ज्याने प्राधिकरणाला किमान ३० दिवसांची नोटीस दिली आहे त्याच्या तक्रारीवरून घेते. या वाटेने तुमच्या हाती एक रुपयाही येणार नाही, म्हणून फौजदारी तक्रारीचा सल्ला मी देणार नाही. त्या सूचनेचा खरा उपयोग मेमोच्या उत्तरात आहे.

आता पगार. कपात सप्टेंबर २०२५ मध्ये झाली, तेव्हा वेतन संहिता, म्हणजे वेतनाविषयीचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झालेली नव्हती (ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली), त्यामुळे तुमच्या कपातीचा विचार वेतन प्रदान अधिनियम, १९३६ खाली व्हायला हवा. कारखान्यात नोकरीला असलेल्या हिशेबनिसालाही तो लागू होतो आणि तुमचा पगार त्या अधिनियमाच्या २४,००० रुपयांच्या मर्यादेत बसतो. गैरहजेरीबद्दल कपात करण्याची मुभा कलम ७ व ९ देतात, परंतु कलम ९ प्रमाणे कपातीचे एकूण वेतनाशी असलेले प्रमाण गैरहजेरीच्या काळाच्या प्रमाणापेक्षा अधिक असता कामा नये. एका दिवसाच्या गैरहजेरीला एका दिवसाचे वेतन, त्यावर एक पैसाही नाही. दुसरे ७५० रुपये हा दंडच आहे असे कंपनी म्हणाली, तर ती कलम ८ मध्ये सापडते. कोणत्या कृत्यांसाठी दंड होईल याची यादी शासनाच्या पूर्वमंजुरीने सूचनाफलकावर लावलेली असावी लागते, दंड करण्यापूर्वी कामगाराला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते, दंडाची नोंद नोंदवहीत असावी लागते, आणि एका वेतन कालावधीतील एकूण दंड त्या काळातील वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. तुमच्या पगाराचे तीन टक्के होतात ६७५ रुपये. म्हणजे सारी औपचारिकता पाळली असती तरी ७५० रुपये कापता आले नसते, आणि तुमच्या पत्रावरून तर कपात आधी झाली व मेमो नंतर आला असे दिसते.

पहिल्या दिवसाचे तसे नाही. कलम ९ ची भाषा ‘नोकरीच्या अटींनुसार जेथे काम करणे आवश्यक आहे त्या ठिकाणाहून’ गैरहजर राहण्याची आहे. लोकल बंद होती हे कारण खरे आणि वाजवी असले, तरी तेवढ्याने तुम्ही त्या ठिकाणी हजर होता असे होत नाही. शासनाला अशा काळात वेतन द्यायला लावायचे असते तेव्हा तसे स्पष्ट लिहावे लागते. टाळेबंदीत २९ मार्च २०२० च्या केंद्रीय आदेशाने तसे लिहिले होते, आणि त्याही आदेशावरून सर्वोच्च न्यायालयात झालेल्या वादात १२ जून २०२० रोजी न्यायालयाने मालक व कामगारांना आपसात वाटाघाटी करण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तर ३० एप्रिल २०२० रोजी म्हटले होते की टाळेबंदी शिथिल झालेल्या भागांत जे कामगार स्वेच्छेने गैरहजर राहतील त्यांचे वेतन मालक कायद्यानुसार कापू शकतात. १९ ऑगस्टच्या सूचनेत घरून काम देण्याची गोष्ट होती, न आलेल्यांच्या पगाराची नव्हती.

तरीही तुमच्याकडे एक चांगला मुद्दा आहे, आणि तो शनिवारचा. कंपनी दर आठवड्याला एक दिवस घरून काम करू देत असेल आणि त्याचा ईमेल किंवा परिपत्रक तुमच्याकडे असेल, तर तुमच्या बाबतीत ‘कामाचे ठिकाण’ म्हणजे केवळ कारखानाच असे कंपनीला ठामपणे म्हणता येत नाही. त्यात सकाळी सातचा संदेश, तुम्ही स्वेच्छेने घरी न बसता ठाण्यापर्यंत गेला ही वस्तुस्थिती, आणि तीन ते सातच्या नोंदी यांची भर पडते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला वेळ आणि वापरकर्त्याचे नाव जोडलेले असते, तेव्हा त्या दिवसाचा अहवाल लॅपटॉप तुमच्या हाती आहे तोवरच काढून ठेवा. निदान त्या चार तासांचे वेतन मागण्यास तुम्हाला आधार आहे. पूर्ण दिवस मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. शिल्लक रजा असेल तर ती गैरहजेरी रजेत वळवून द्यावी अशी पर्यायी मागणी त्याच अर्जात करा. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर तडजोडीला तयार होतात.

आठ दिवसांची धमकी हवेतली नाही. कलम ९ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, तशी तरतूद खरोखरच आहे आणि एचआरमध्ये कोणीतरी ती वाचलेली दिसते, फक्त अर्धीच. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, आवश्यक ती पूर्वसूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय गैरहजर राहिले, तरच आठ दिवसांपर्यंतची कपात करता येते, तीही नोकरीच्या करारात पूर्वसूचनेऐवजी तेवढे वेतन कामगाराकडून मालकाला देय असल्याची अट असेल तर. एकाच मार्गाची रेल्वे बंद पडल्याने बारा माणसे एकाच दिवशी अडकणे याला संगनमत म्हणत नाहीत. तुमच्या गटात ‘आज कोणीच जायचे नाही’ अशा अर्थाचा एखादा संदेश फिरला असेल, तर मात्र तो वकिलाला आधीच दाखवा. समोरची बाजू तो नक्की दाखवील.

वेतनाच्या मागणीचा अर्ज कलम १५ खालच्या प्राधिकाऱ्याकडे करायचा असतो. तुमच्या भागाचे प्राधिकारी कोण हे वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळेल. बेकायदा कपात परत करण्याबरोबरच कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. मुदत कपातीपासून १२ महिन्यांची, म्हणजे ४ सप्टेंबर २०२६ च्या आत अर्ज दाखल झालेला असावा. नव्या संहितेत ही मुदत तीन वर्षे आहे असे तुम्हाला कोणी सांगेल. ते खरे आहे, पण जुन्या कपातीला ती लागू पडते का या वादात विनाकारण पडू नका.

वेतनवाढ अडली आहे ती मेमोमुळे, म्हणून माझ्या मते १,५०० रुपयांपेक्षा मेमो अधिक गंभीर आहे. त्याला अजून लेखी उत्तर दिले नसेल तर उशीर झाला असला तरी द्या आणि पोच घ्या. बहुतेक स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्याच्या सेवाशर्तींच्या नियमांत, गैरवर्तनाची व्याख्या ‘वरिष्ठाच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा’ अशी असते आणि यातला प्रत्येक शब्द तुमच्या बाजूने आहे. उत्तर साधारण असे असावे : ‘सक्षम प्राधिकरणाने त्या दिवशी दिलेल्या सूचनेनुसार मी सकाळी ७ वाजता घरून काम करण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारल्यावर मी आदेशानुसार निघाले, परंतु ठाण्यापुढील रेल्वे वाहतूक बंद झाल्याने पोहोचू शकले नाही. परत येऊन मी दुपारी ३ ते सायंकाळी ७ काम केले असून त्याच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. सबब मेमो मागे घ्यावा व त्याच्या आधारे रोखलेली वेतनवाढ द्यावी.’ यात राग, उपरोध, साहेबांच्या स्वभावाचे वर्णन यांतले काहीही नको. जो माणूस आदेश मिळाल्यावर घरातून निघाला त्याने आदेश धुडकावला असे कोणत्याही चौकशीत सिद्ध करणे अवघड आहे. वेतनवाढ मात्र नियुक्तिपत्रात किंवा करारात ठरलेली नसेल आणि पूर्णपणे कंपनीच्या मर्जीवर असेल, तर तिच्यासाठी स्वतंत्र दावा टिकणे कठीण जाईल.

हमीपत्रावर सही करू नका. कामावर न येणे म्हणजे आपोआप राजीनामा, या कल्पनेला आपल्याकडची न्यायालये सहसा मान देत नाहीत, कारण त्यामुळे चौकशीशिवाय माणसाला काढून टाकता येते. आता लागू असलेल्या वेतन संहितेप्रमाणे तर त्या कायद्याने देय असलेल्या रकमेचा हक्क सोडून देणारा करारच निरर्थक ठरतो. पण निरर्थक कागदही नोकरी गमावलेल्या माणसाला वर्षभर न्यायालयात फिरवू शकतो. सही टाळणे अशक्यच झाले तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात ‘कायद्याने मिळालेले माझे हक्क राखून, व्यवस्थापनाच्या आग्रहावरून’ असे लिहा आणि त्याच दिवशी तसा ईमेल पाठवा.

तुमच्या सहकाऱ्याची बाजू तुमच्यापेक्षाही भक्कम असण्याची शक्यता आहे. त्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयची (राज्य कामगार विम्याची) वर्गणी जात असेल, तर अपघाताच्या वेळी लागू असलेल्या राज्य कामगार विमा अधिनियमाचे कलम ५१ ई त्याच्यासाठीच आहे. २०१० च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात, वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला तर, नोकरीतलाच अपघात मानला जातो. पूर्वी कायदा इतका उदार नव्हता. पोरबंदरच्या मिठागरातले कामगार १९५२ मध्ये खाडी ओलांडून परतत असताना खराब हवामानात नाव उलटून बुडाले, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सार्वजनिक नावेतला तो प्रवास नोकरीचा भाग नव्हता. ‘फाटकाबाहेर आमचा संबंध नाही’ हे वाक्य त्या काळातले आहे. २९ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात, पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत झालेला त्याचा मृत्यू कर्मचारी भरपाई अधिनियमाखाली भरपाईला पात्र ठरवला आणि त्यासाठी कलम ५१ ई चाच आधार घेतला. तुमचा सहकारी तर पाळी संपवून फाटकाबाहेर पडताच पडला, तेव्हा वेळ आणि ठिकाण दोन्ही त्याच्या बाजूने आहेत. कंपनीने ईएसआयकडे अपघाताचा अहवाल पाठवला का, हे त्याने लेखी विचारावे. पाठवला नसेल तर हजेरीची नोंद, रुग्णालयाचे केसपेपर आणि ज्यांनी त्याला उचलले त्यांचे जबाब घेऊन त्याने स्वतः शाखा कार्यालयात जावे. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि तो घेत असताना त्याच विमा अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे त्याला कामावरून काढता किंवा शिक्षा करता येत नाही. वर्गणी भरली जात नव्हती असे निघाले, तर कंपनीसाठी ते प्रकरण वेगळेच आणि अधिक महाग पडेल.

येत्या पावसाळ्यात अशी वेळ पुन्हा आली तर परवानगी फोनवर न मागता ईमेलवर मागा, त्यात प्राधिकरणाच्या सूचनेचा फोटो जोडा आणि उत्तर येईपर्यंत घरून कामाला सुरुवात करून तसे कळवा. कारखान्यातच पाणी शिरले, विजेच्या तारा उघड्या पडल्या, तर व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १४ खाली जिवाला तातडीचा धोका आहे असे मालकाला व निरीक्षकाला एकाच वेळी कळवण्याचा हक्क कामगाराला आहे. मालकाला धोका मान्य नसेल तर त्याने तो विषय ताबडतोब निरीक्षकाकडे पाठवायचा असतो. रस्त्यावरच्या आणि रेल्वेतल्या धोक्यापर्यंत हे कलम पोहोचत नाही, त्यामुळे बदलापूरहून निघावे की नाही या प्रश्नाला ते उपयोगी पडणार नाही. तिथे तुमचा ईमेलच कामी येईल.