गाईचा स्वभाव आणि वासराची वाढ: वाचकांचे प्रश्न

पहिल्या वेताची खिलार गाय वासराला चाटते, पण कासेला तोंड लावलं की लाथ मारते. काय करावं?

चाटते म्हणजे तिनं वासरू ओळखलं आहे. लाथ बहुधा दुखण्याची असते. कास अंगठ्यानं दाबून पाहा. खड्डा पडून तसाच राहिला तर ती व्यायची सूज. कोमट पाण्यानं शेका, सडाला चीर आहे का बघा.

मात्र गाय शांत होईपर्यंत चीक, म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं दूध, थांबवू नका. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे 20 किलोच्या वासराला 2 लिटर चीक लागतो. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत पोटात जायला हवा. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषायची आतड्याची ताकद तासातासानं घटते, 24 तासांत जवळपास संपते. त्यामुळे चीक हातानं काढून बाटलीनं पाजा. नंतर वासरू बाजूनं कासेशी न्या.

पुढच्या कालवडींना गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत रोज खरारा करा, कासेवरून हात फिरवा. सड मात्र पिळू नका.

गाय वासराजवळ कुणालाच येऊ देत नाही. विकावी का?

घाई नको. व्याल्यावर काही दिवस अंगावर येणं हा आईपणाचाच भाग आहे. गाय आणि वासरू यांच्या मधे उभं राहू नका, कुत्रं लांब ठेवा, रोज एकाच माणसानं जावं. वासरू जवळ नसतानाही ती धावून येत असेल, तर मात्र स्वभावच मारका.

बुजऱ्या गाईचं वासरू अंग धरत नाही. दूध कमी की स्वभाव?

गाय घाबरली की अॅड्रिनॅलिन हे भीतीचं संप्रेरक सुटतं, पान्हा अडतो. कासेत दूध असूनही वासराला मिळत नाही. नीट पान्हा सुटला की वासराच्या ओठांच्या कडेला पांढरा फेस दिसतो. ते नुसतंच ढुशा देत असेल, फेस नसेल, तर पाजताना आरडाओरडा, काठी, अनोळखी माणूस बंद करा.

दर आठवड्याला छातीचा घेर आणि खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर × घेर × लांबी ÷ 660 म्हणजे अंदाजे किलो. घेर 27, लांबी 24 असेल तर साधारण साडेसव्वीस. पान्हा नीट सुटूनही आकडा हलत नसेल तर जंत आणि हगवण तपासा. तिथं गाईच्या स्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही.