मुलीला विचित्र दीर्घिकांचा अभ्यास करायचाय

प्रश्न: आम्ही नेरूळला राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. तिला जवळच्या, विचित्र आकाराच्या दीर्घिकांवर संशोधन करायचंय. तिचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर. जेम्स वेब दुर्बीण इतक्या लांबचं दाखवत असताना जवळच्या दीर्घिकांत नवीन काय मिळणार? आणि यात पोट भरेल का?

उत्तर: ताई, मुलीची निवड चांगली विचारपूर्वक आहे. लांबची दीर्घिका मोठ्या दुर्बिणीतूनही इवलीशी दिसते. जवळच्या दीर्घिकेतले तारे आणि वायूचे पट्टे वेगवेगळे तपासता येतात. त्यात ती विस्कटलेली असेल, तर तिच्यावर काय गुदरलं त्याच्या खुणा अंगावरच असतात.

एम८२ ही दीर्घिका घ्या. सप्तर्षींच्या तारकासमूहात, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर. साध्या फोटोत ती आणि शेजारची एम८१ एकमेकींपासून सुट्या दिसतात. हायड्रोजन वायूतून येणाऱ्या २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओ लहरींत मात्र दोघींच्या मध्ये वायूचे लांबच लांब पट्टे ताणलेले दिसतात. पूर्वी त्या जवळून गेल्या, त्या ओढाताणीत एम८२च्या मध्यभागी वायू गोळा झाला आणि तिथे भराभर तारे जन्मू लागले. विश्वाच्या बालपणी अशा धडका, ओढाताणी सर्रास व्हायच्या, त्यांतूनच दीर्घिका घडत गेल्या. एम८२मध्ये तेच आज जवळून बघायला मिळतं.

हे दोन्ही फोटो मुलीसमोर ठेवा. ‘किती सुंदर!’ म्हणून ती थांबते, की ‘हे अंतर मोजलं कसं?’ म्हणून मागे लागते? दुसरं होत असेल तर तिला अडवू नका. या कामात दुर्बिणीपेक्षा कॉम्प्युटरसमोरच जास्त वेळ जातो, तेव्हा पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आतापासूनच शिकू दे.

बारावीला गणित सोडू देऊ नका. आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थांसाठी आयएटी आणि कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञानकेंद्रासाठी नेस्ट ही प्रवेशपरीक्षा द्यावी, नाहीतर चांगल्या कॉलेजातून फिजिक्समध्ये बीएस्सी, एमएस्सी करावं. पुढे जेस्ट ही पीएचडीची प्रवेशपरीक्षा देऊन पीएचडी. पुण्याला आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्था आहेत. नारायणगावजवळ खोडदला एनसीआरएची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. हायड्रोजनच्या त्याच लहरी ती टिपते. बीटेक करूनही जेस्ट देता येते, म्हणजे बाबा सांगतात तो रस्ताही बंद नाही. पण मन फिजिक्समध्ये असताना चार वर्षं आणि लाखोंची फी दुसरीकडे घालवायला मी सांगणार नाही.

आता पोटाचं. पीएचडी करताना फेलोशिप मिळते, ज्युनियर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. नंतर काही वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, बहुधा परदेशात. कायमच्या जागा थोड्या असतात आणि तिशी उलटेपर्यंत वाट बघावी लागते. घरच्यांनी हे आत्ताच मान्य केलेलं बरं. संशोधनातून बाहेर पडावं लागलं, तरी प्रोग्रॅमिंग आणि आकडेवारीच्या जोरावर डेटा सायन्समध्ये नोकरी मिळू शकते.

खगोलशास्त्र ऑलिंपियाडची पहिली परीक्षा अकरावीलाही देता येते. पुढची शिबिरं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात, तुम्हाला हार्बरने जवळच. परीक्षा नोव्हेंबरच्या सुमारास असते आणि नावनोंदणी बरीच आधी संपते, म्हणून कॉलेजात या आठवड्यातच चौकशी करा.