बहिणीचा सिकलसेल रिपोर्ट ‘एएस’ आला, मुलाकडचे मागे सरले. आता काय करावं?

तुमच्या एका प्रश्नात पाच-सहा प्रश्न आहेत, म्हणून बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. बहीण गडचिरोलीला शिकते. कॉलेजच्या शिबिरात सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून लेकरात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आणि रिपोर्ट ‘एएस’ आला. साक्षगंधाची तारीख धरली होती, पण मुलाकडच्यांच्या कानावर गोष्ट गेली आणि ‘पोरीच्या रक्तात खोट आहे’ म्हणून ते थांबले. आजी म्हणते देवीचं काहीतरी करायचं राहून गेलं, पुजाऱ्यानं कोंबडा सांगितला आहे. काकूचं म्हणणं, पाळीच्या दिवसांत रक्त काढलं म्हणून रिपोर्ट बिघडला. आई म्हणते, मामाच्या पोराला देऊन टाकू, घरातली गोष्ट घरात राहील. आणि तुम्ही विचारता की रक्तगट बी पॉझिटिव्ह असताना हे आलं कुठून, आणि पुढे हिच्या लेकरांना होईल का.

मी याच जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. सिकलच्या तपासण्या हे माझं रोजचं काम. म्हणून ठामपणे सांगतो: तुमची बहीण आजारी नाही. आणि मुलाचा रिपोर्ट समोर आल्याशिवाय तिच्या एकटीच्या रिपोर्टवरून लग्नाचं काहीच ठरवता येत नाही. मुलाकडच्यांनी तुमचा कागद पाहिला, तुम्ही त्यांचा मागितला का? तुमच्या पूर्ण प्रश्नात मुलाच्या तपासणीबद्दल एक ओळ नाही. हे फक्त तुमच्याच घरी नाही. आमच्याकडे लग्नाआधी तपासायला मुली येतात, मागे आई किंवा वहिनी असते. मुलगा क्वचितच येतो. मुलाचं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आमच्या घरान्यात असं काई नाई जी.’ तपासलंच नाही तर असणार कसं? याचा मला मनापासून राग येतो. हा गुण लेकराला आईकडून जसा येतो तसाच बापाकडूनही येतो, आणि नाव मात्र पोरीचं खराब होतं.

आता रक्तातलं बघू. रक्त लाल असतं ते हिमोग्लोबिनमुळे. ते कसं बनवायचं याची सूचना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. साधी प्रत म्हणजे ‘ए’, सिकलची म्हणजे ‘एस’. दोन्ही साध्या असतील तर ‘एए’. एक साधी, एक सिकलची, तर ‘एएस’, म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर ‘एसएस’, आणि आजार म्हणतात तो हा. फरक म्हटला तर केवढासा! हिमोग्लोबिन अमिनो आम्लांच्या साखळ्यांचं बनलेलं असतं. त्यातल्या बीटा नावाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन बसलेलं असतं. पण तेवढ्यानं प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक नसांत अडकते, आणि माणूस हाडांच्या दुखण्यानं तळमळतो. साधी पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते. एसएसच्या रुग्णाची दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून रक्त सतत कमी.

एएस माणसाचं असं होत नाही. तो शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो, म्हातारा होतो. काळजी घ्यायचीच तर एवढी, की उन्हातान्हात जबर मेहनत असेल तेव्हा पाणी भरपूर प्यावं, लघवीतून रक्त गेलं तर दुर्लक्ष करू नये, आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरला एएस असल्याचं सांगावं. एएसचं पुढे एसएस होत नाही, कधीच नाही. जन्माला येताना जे आलं ते तेच राहतं. एका ताटात जेवून, एका पाण्यात आंघोळ करून, एका अंथरुणात झोपून हे कुणाला लागत नाही. बहिणीचं हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर त्याचं खापर एएसवर फोडू नका. लोह कमी असेल, जंत असतील, पाळीत जास्त जात असेल, त्याचा इलाज वेगळा आणि सोपा आहे. एसएसच्या रुग्णाला मात्र नुसतं रक्त कमी दिसलं म्हणून मनानं लोहाच्या गोळ्या चालू करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं.

रक्तगटाचा आणि सिकलचा काही संबंध नाही. ए, बी, ओ हा पेशीच्या वरच्या आवरणाचा मामला, सिकल हा आतल्या हिमोग्लोबिनचा. ‘ओ वाल्याला सिकल होत नाही’ हे मीही गावोगावी ऐकतो, खरं नाही. पाळीचंही तसंच. पाळी चालू असताना रक्त तपासलं तरी एए असेल तर एए आणि एएस असेल तर एएसच येईल. काकूंचं मन राखायचं असेल तर नंतर पुन्हा तपासून घ्या, कागद तोच येईल.

पण तपासणी कोणती झाली हे जरूर बघा. शिबिरात बहुतेक आधी सोल्युबिलिटी टेस्ट करतात. छोट्या नळीत द्रावण असतं, त्यात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, हलवायचं आणि काही मिनिटं थांबायचं. मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. पण एएस की एसएस हे ती नळी सांगत नाही, दोन्हींत गढूळच दिसतं. ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस करावी लागते. तिच्यात पट्टीवर हिमोग्लोबिनला विजेच्या दाबानं पळवतात. ‘ए’ पुढे जातो, ‘एस’ मागे राहतो. एएसच्या पट्टीवर दोन रेघा उठतात, एक पुढे, एक मागे. बहिणीच्या कागदावर ‘एएस पॅटर्न’ लिहिलं असेल तर ही तपासणी झालेली आहे. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं असेल तर काम अर्धंच झालं आहे, तेवढ्यावर कुणी काही ठरवू नये.

मुलाची मात्र इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच (यंत्रावर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करून घ्या, नुसत्या नळीवर भागवू नका. कारण थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा, असाच आई-बापाकडून येणारा आजार) वाहक नळीत पकडला जात नाही. बहीण सिकलची वाहक आणि मुलगा बीटा थॅलेसेमियाचा वाहक निघाला तरी लेकरात दोन्ही एकत्र येऊन सिकलसारखाच त्रास होऊ शकतो. ही गोष्ट शिकलेल्या घरांतही माहीत नसते. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी धरलेली आहे. मुलगा त्यात बसेलच. गावच्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, मोठी तपासणी कुठे होते ते सांगतील.

मुलगा एए निघाला आणि थॅलेसेमियाचाही वाहक नसला तर बिनधास्त साक्षगंध करा. अशा जोडप्याला एसएसचं लेकरू होत नाही. प्रत्येक वेळी निम्मी शक्यता एएस असण्याची, निम्मी एए असण्याची. मुलगाही एएस निघाला तर मात्र थांबून विचार करायचा, कारण मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची. इथे लोक हमखास चुकीचा हिशोब लावतात, ‘पहिलं लेकरू तसं झालं, म्हणजे पुढची तीन चांगली.’ तसं नाही. दर वेळी हिशोब नव्यानं सुरू होतो. एका घरात तिघं भावंडं एसएस आणि शेजारच्या तशाच घरात एकही नाही, असं घडू शकतं.

मामाच्या मुलाबद्दल आईला नीट बसवून सांगा, कारण मला सगळ्यात जास्त धोका तिथेच दिसतो. बहिणीत हे आईकडून आलं असेल तर ते आईच्या आईबापांपैकी कुणाकडून तरी आलं. मग मामात ते असण्याची शक्यता निम्मी, आणि मामाच्या पोरात पाव. परक्या घरात ते असेल-नसेल, इथे असण्याला कारण आहे. उलट वडिलांकडून आलं असेल तर मामाकडचा हा हिशोब लागू पडत नाही, पण तपासणी तरीही हवीच. म्हणून आई-वडिलांचंही रक्त तपासून घ्या, तुमचंही. बहीण एएस म्हणजे दोघांपैकी एकात तरी आहेच, आणि मग तुमच्यातही असू शकतं. उद्या तुमचं लग्न जमेल तेव्हा हा कागद तुमच्या खिशात असू द्या, मुलीकडच्यांनी न मागताच दाखवा.

तुमच्याकडे गोंडांत घराण्याचे देव किती ते मोजून सोयरीक होते. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे, आणि सारख्या देवांत लग्न नाही, ते भाऊ-भाऊ. जवळच्या रक्तात लग्न टाळण्याची ही जुनी रीत आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण सिकलसाठी ती पुरत नाही. चार देव्यातही एएस असतो, सात देव्यातही. गोंड, माडिया, परधान यांच्यात जास्त आहे, बौद्ध समाजातही बराच आहे, कुणबी-तेल्यांतही सापडतो. तेव्हा ‘आमच्या जातीत नाही’ असं म्हणायची सोय आपल्या भागात कुणालाच नाही. सोयरीक जमवताना जिथे देव विचारता, तिथेच सिकलचा कागद विचारायचा, एवढी भर रीतीत घालता येईल.

आजीच्या मनातलं मी हसण्यावारी नेत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लेकरं दुखण्यानं रडताना, हात-पाय सुजताना, डोळे पिवळे होताना पाहिली, कारण कुणी सांगितलं नाही, मग माणूस देवाकडेच जाणार. पण आजीला हे सांगून बघा, की हा गुण आपल्या भागात इतका टिकला तो मलेरियामुळे. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन या डॉक्टरांनी आफ्रिकेत दाखवून दिलं की सिकलच्या वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलात, डासांत राहणाऱ्या माणसांत ज्यांच्याकडे हा एक ‘एस’ होता ती लेकरं तापातून जास्त वाचली, त्यांचा वंश पुढे आला. गडचिरोलीत मलेरियानं किती माणसं नेली ते आजीनं डोळ्यांनी पाहिलं असेल. तुमच्या पूर्वजांना तगायला ज्यानं हात दिला, त्याला देवीचा कोप कसं म्हणायचं? कोंबडा द्यायचा असेल तर द्या, घरातलं मन शांत होत असेल तर माझी ना नाही. फक्त तो दिला म्हणून मुलाची तपासणी टाळू नका.

एसएसच्या लेकराच्या बाबतीत मात्र मी पुजाऱ्यासाठी थांबायला सांगणार नाही. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचे दोन्ही हातांचे पंजे किंवा पावलं एकदम सुजतात, कातडी ताणून चकचकीत होते, हात लावला की बाळ किंचाळतं. गावात वात म्हणून तेल चोळत बसतात. ही बऱ्याचदा सिकलची पहिली खूण असते. दुसरं, पोट डाव्या बाजूला फुगणं आणि लेकरू एकाएकी पांढरंफटक पडणं. पानथरीत (प्लीहेत) रक्त अडकलेलं असतं, आणि त्या लेकराला तासाभरातही रक्ताची गरज पडू शकते. मेळघाटाकडे पोट फुगलं की तापल्या लोखंडानं डंभा, म्हणजे चटका, देतात. अशा लेकराला डंभा देण्यात जो वेळ जातो तो जिवावर बेततो. एसएसवर रोजचं औषध आहे, हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड. डॉक्टरांच्या देखरेखीत नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके खूप कमी होतात. पाणी भरपूर, थंडीत ऊब, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल धरलेला आहे आणि एसटीतही सवलत आहे, कुणाच्या घरी रुग्ण असेल तर कागद करून घ्या.

समजा मुलगा एएस निघाला आणि दोघांची मनं जुळलेली असली तर? लग्न करू नका असा हुकूम मी देणार नाही, तो अधिकार त्या दोघांचा. पण त्यांनी समुपदेशकाकडे एकत्र बसून ऐकावं आणि मग ठरवावं. लग्न केलं तर दिवस गेल्याबरोबर नोंदणी करावी. दहा ते बारा आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन बाळ कसं आहे ते मोठ्या रुग्णालयात कळू शकतं. उशीर झाला तर ठरवायला वेळ कमी उरतो, म्हणून ‘तिसरा महिना लागू दे, मग सांगू’ असं करू नये.

मुलाकडच्यांशी बोलायला वडिलांसोबत तुम्ही जा, बहिणीला त्यात उभी करू नका. सरळ म्हणा, ‘आमचा कागद हा, तुमचा दाखवा, मग बोलू.’ तपासायलाच तयार नसतील तर ते स्थळ सोडलेलं बरं. त्यांचा रिपोर्ट आला की इथे लिहा. नाव-गाव टाकू नका, कागदावर पॅटर्न काय लिहिला आहे आणि कोणती तपासणी केली एवढंच टाका, मी वाचून सांगेन.