‘तिथं सगळी घरासारखी राहतात’, पण नेमणूकपत्र देतात का?

प्रश्न : मी कागल तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मुलीचे वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. मुलगी यंदा मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी ती कोल्हापूरजवळच्या एका विशेष मुलांच्या निवासी संस्थेत जायला लागली, आणि प्रोजेक्ट संपला तरी जातेच आहे. आता त्यांनी तिला काळजीवाहक म्हणून ये म्हटलंय. नऊ हजार आणि दोन वेळचं जेवण. ती म्हणते, ‘आई, तिथं सगळी घरासारखी राहतात.’ मी स्नेहसंमेलनाला गेले होते. गाडीचे ड्रायव्हर पोरांचे चेहरे रंगवत होते, स्वयंपाकाच्या मावशी स्टेजवर नाचल्या. मलाही बरं वाटलं. पण हिचे वडील म्हणतात, पदवी घेऊन आयाचं काम करायचं का? मन रमतं एवढ्यावर नोकरी धरावी का? का सरळ बी.एड.ला घालू?
– एक आई

उत्तर :

नमस्कार ताई,

तुमच्या लेकीनं जे हेरलंय ते बरोबर हेरलंय, हे आधी सांगतो. दिव्यांगांच्या संस्थेत सोबतची माणसं कशी आहेत यावर निम्मी नोकरी ठरते. बँकेत शेजारच्या टेबलावरचा माणूस तिरसट असला तर दिवस वाईट जातो, पण काम होतं. इथं तसं होत नाही. तीस किलोचं पोरगं व्हीलचेअरवरून खाटेवर घ्यायचं तर दोघांनी एका दमात उचलावं लागतं, आणि समोरच्यानं चाकाचा ब्रेक लावलाय यावर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागतो. रात्रपाळीवाली सकाळी जाताना वहीत लिहून ठेवते : अमक्याला पहाटे आकडी आली, किती मिनिटं टिकली, तमकी कालपासून जेवली नाही, तिसऱ्याच्या आईचा फोन आला होता. ती वही मनापासून लिहिली नाही तर दिवसपाळीवाली आंधळी होते. बोलता न येणारा एखादा मुलगा ताट दोनदा वाजवतो, नवख्याला वाटतं भाजी हवी आहे, आणि त्याला संडासला जायचं असतं. हे जाणणारी माणसं दर चार महिन्यांनी सोडून गेली तर पोराला पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना शिकवावं लागतं. कर्मचारी एकमेकांना धरून राहतात, हसतखेळत राहतात, याचा थेट फायदा मुलांना होतो.

म्हणून स्नेहसंमेलनातलं जे तुम्हाला आवडलं ते खोटं मानू नका. फक्त ते वर्षातून एकदा असतं. बाकीच्या दिवसांत ही आपुलकी कशावर उभी आहे ते बघायचंय. काही संस्थांत ती नीट ठरवलेल्या पाळ्यांवर, वेळेवरच्या पगारावर आणि बदलीच्या माणसावर उभी असते. काही ठिकाणी दोन-तीन भल्या बायकांच्या पाठीवर उभी असते. बाहेरून दोन्ही घरासारखीच दिसतात.

फरक कसा ओळखायचा? मी असतो तर पहिला प्रश्न महापुराचा विचारला असता. हिच्या वडिलांना आठवत असेल, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीकडं महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. कारखाना बंद ठेवता येतो, निवासी संस्था बंद ठेवता येत नाही. पाळी बदलायला येणारा माणूस पाण्याच्या अलीकडंच अडकला की आत असलेल्यानंच थांबायचं. दिवस उलटले तरी थांबायचं. तर विचारा, तेव्हा कोण थांबलं होतं, आणि पाणी ओसरल्यावर त्यांना बदली सुट्टी मिळाली का, जादा पैसे मिळाले का? ‘आमची माणसं अशी झोकून देतात बघा’ एवढंच उत्तर आलं तर समजून जा. ‘त्यांना सुट्टी दिली, पुढच्या वर्षापासून औषधं आणि धान्य आधीच भरून ठेवतो’ असं आलं तर तिथं व्यवस्था आहे.

दुसरं, महिन्याचा ड्युटी चार्ट भिंतीवर आहे का ते लेकीनंच बघावं. त्यावर कुणाचं नाव सलग किती रात्री आहे? कुणी आजारी पडलं तर जागी कोण येतं? एकदा का ‘आपलं माणूस’ म्हणून शिक्का बसला की त्या पोरीला रविवारी बोलावतात, दिवाळीत बोलावतात, आणि नाही म्हटलं तर ‘तुला मुलांची माया नाही’ हे ऐकवतात. मानधन आणि पगार यातला फरक अंगणवाडी सेविकेला मी काय सांगावा! काम सरकारी नोकरीचं आणि नाव सेवेचं, हे तुमच्या घरात एकदा झालंय. लेकीच्या बाबतीत आकडा, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रात्रपाळी किती, हे सगळं नेमणूकपत्रावर घ्या. नऊ हजार किमान वेतनात बसतात का ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचारता येतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफबद्दलही विचारा. मागण्याची लाज वाटायचं कारण नाही, ट्रस्ट असला तरी तो मालकच आहे.

आता जरा कडू बोलतो. घरासारखी संस्था म्हटलं की घरातलं बाहेर न्यायचं नाही हेही आपोआप येतं. ज्या मुलाला बोलता येत नाही, आपल्या अंगाला कोण हात लावतंय हे सांगता येत नाही, त्याच्यासाठी हा गुण फार महाग पडतो. लहान मुलाशी लैंगिक गैरप्रकार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं, म्हणजे २०१२ पासून, ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. काळजीवाहकावरही. सहकारी कितीही जवळचा असो. तुमची लेक तरुण आहे, रात्रपाळी करणार आहे, म्हणून तिच्या स्वतःसाठीही विचारा : दहा किंवा जास्त कर्मचारी असले तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. ती आहे का, तिच्यातल्या बायकांची नावं कुठं लावली आहेत का? चांगल्या संस्थेत हा प्रश्न कुणाला झोंबत नाही. कार्यालयातली बाई बोट करून भिंतीवरचा कागद दाखवते.

हिच्या वडिलांच्या ‘आयाचं काम’ या शब्दावर येतो. त्यांचा राग मला समजतो, पण एकदा त्यांना जेवणाच्या वेळी तिथं घेऊन जा, साध्या कामाच्या दिवशी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर ताबा नसलेल्या मुलाला भरवताना बघू द्या. त्याला आडवं ठेवून घास कोंबला तर अन्न श्वासनलिकेत जातं, छातीत कफ होतो, पुढं न्यूमोनिया. म्हणून पाठ सरळ, मान किंचित पुढं, चमचा छोटा, आणि आधीचा घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. एका ताटाला पाऊण तास लागतो. आकडी आली की आपल्याकडं लोक अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, दातात चमचा घालतात. शिकलेली काळजीवाहक तसलं काही करत नाही. मुलाला कुशीवर वळवते, डोक्याखाली मऊ काही सरकवते, घड्याळ बघते, आणि पाच मिनिटांवर गेलं की गाडी काढायला सांगते. फौंड्रीत भट्टीपुढं उभ्या असणाऱ्या माणसाला हातातलं कसब लगेच ओळखता येतं. त्यांना ते दिसेल.

तरीही, ताई, काळजीवाहक ही तिची शेवटची पायरी असू नये असं मला वाटतं. कसब आहे, पण आपल्या व्यवस्थेत त्या कसबाला बढती नाही. विनाअनुदानित संस्थेत तर दहा वर्षांनीही काळजीवाहक काळजीवाहकच राहते. अनुदानित विशेष शाळेत मंजूर पदाचा पगार शासन देतं, पण अशी जागा रिकामी होणं आणि भरायची परवानगी येणं, दोन्ही दुर्मीळ. तिच्या संस्थेची मान्यता कसली आहे, तिची जागा मंजूर पदावरची आहे का संस्थेच्या खर्चातली, हे विचारून घ्या.

बी.एड. म्हणालात. कुठलं? साधं बी.एड. नको, विशेष शिक्षणातलं, आणि तिला जी मुलं आवडली आहेत ती बौद्धिक अक्षमतेची असतील तर त्याच शाखेचं. पदवीला पन्नास टक्के असले तर अर्ज करता येतो. हा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचा असतो. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. त्यानुसार पात्रता आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कुणी ‘अनुभव आहेच, वर्ग घे की’ म्हणून तिला नोंदणीशिवाय विशेष शिक्षिका करू लागलं तर ते तिच्या अंगाशी येईल. मानसशास्त्राचंही तसंच. बी.ए.वर ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. क्लिनिकलकडं जायचं तर आधी एम.ए., मग त्यापुढचं परिषदेचं प्रशिक्षण. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-श्रवण या वाटा बारावी विज्ञानातून जातात, त्या तिच्यासाठी आता नाहीत. त्यावर हळहळू नका.

विशेष शिक्षिकेला काम फक्त विशेष शाळेतच मिळतं असंही राहिलेलं नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ साली आला, त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, आणि साध्या शाळेनं अशा मुलांना सामावून घ्यायचं हे ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये साध्या शाळांसाठी प्रमाणही सांगितलं : प्राथमिकला दहा विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक, माध्यमिकला पंधरा मुलांमागं एक. प्रत्यक्षात पदं त्या वेगानं भरली जात नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मागणी कागदावर आली आहे, आणि पात्र माणसं कमी आहेत.

तिचा कल शिकवण्यापेक्षा माणसं सांभाळण्याकडं असेल तर एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा विचार करा. कोल्हापुरात सायबर या संस्थेत होतं, घरून जाऊन-येऊन करता येईल. निवासी संस्थेत पालकांशी बोलणं, दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी सीपीआर रुग्णालयात घेऊन जाणं, नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्याचे अर्ज, अठरा वर्षांपुढच्या मुलाच्या कायदेशीर पालकत्वाचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं नेणं, ही कामं समाजकार्यकर्तीच करते. मोठ्या मुलांची कार्यशाळा असेल तर पणत्या आणि आकाशकंदील दिवाळीआधी बाजारात पोचवायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं! अंगणवाडीच्या घरात वाढलेल्या मुलीला सरकारी कागदांची भीती नसते, हा तिचा मोठा फायदा.

आणखी एक वाट अगदी लहान आहे : आरसीआयचा सहा महिन्यांचा सीबीआयडी (समाजाधारित समावेशक विकास) प्रमाणपत्र अभ्यासक्रम, २०२१ साली सुरू झालेला. त्यातून गावपातळीवर काम करणारे ‘दिव्यांग मित्र’ तयार होतात. त्यानं बी.एड.ची जागा भरून निघत नाही, पण वर्षभर नोकरी करताना हातात काही तरी असावं म्हणून ठीक आहे.

कोल्हापूर या बाबतीत नशीबवान आहे. नसीमा हुरजूक यांनी, स्वतः व्हीलचेअरवर असताना, १९८४ साली इथं हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. शेंडा पार्कात बौद्धिक अक्षमतेच्या मुलांसाठीची चेतना ही संस्था आहे. लेकीनं एकाच संस्थेत गुंतण्याआधी आणखी दोन ठिकाणी आठ-आठ दिवस जाऊन यावं. आणि बघावं, तिथं कर्मचाऱ्यांत दिव्यांग माणसं आहेत का, का ती फक्त सांभाळून घेण्याच्या यादीत आहेत? डब्याला कोण कोणाबरोबर बसतं? स्वयंपाकाच्या मावशींना बैठकीत खुर्ची असते का? स्टेजवर नाचायला बोलावणं सोपं असतं. ‘या मुलाला तिखट चालत नाही, मी सांगून दमले’ असं मावशी बैठकीत बोलू शकत असतील आणि दुसऱ्या दिवशी त्याचं ताट बदलत असेल, तर तिथं लेकीला खुशाल जाऊ द्या.

माझं मत विचाराल तर : नेमणूकपत्र मिळालं तर एक वर्ष जाऊ द्या, रात्रपाळी आठवड्याला ठरवून. त्याच वर्षात बी.एड. विशेष किंवा एमएसडब्ल्यू यातलं एक ठरवून प्रवेशाचा अर्ज भरायचा. संस्था म्हणाली, शिकायला जा आणि सुट्टीत येत जा, तर तिच्यासारखी दुसरी नाही. ‘आम्हाला सोडून चाललीस?’ असा सूर निघाला तर फार ताणू नका, हसून निघायचं.

अर्ज भरण्याआधी कॉलेजचं नाव आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्याच वर्षासाठी आणि त्याच शाखेसाठी आहे का ते स्वतः तपासा. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. काउंटरवरचा माणूस ‘मान्यता येणारच आहे, आत्ता फी भरून जागा धरा’ म्हणाला, तर पर्स बंद करायची आणि कागलची एसटी पकडायची.