फवारणी थांबेल, तारीख थांबणार नाही

चि. बाय हिस, अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी परसात चुडतं गोळा करत होतो, धड बोलता आलं नाही. शिक्षण सेवकाचा आदेश हातात पडला, शाळा खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात मिळाली, ऐकून बरं वाटलं. पण फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मोहोरावरची फवारणी उरकते आणि पाच जानेवारीला रुजू होते." ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

बाय, 31 डिसेंबरच्या आत रुजू हो. फवारणीला गडी मिळतील.

का ते सांगतो. पहिली 3 वर्षं तुला पगार नाही, मानधन आहे. प्राथमिकला महिना 16,000. 2023 च्या आधी हेच 6,000 होतं. त्यात घराबाहेर राहून पोरांनी कसं भागवलं, त्यांचं त्यांना ठाऊक. मानधनावर महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, वेतनवाढ नाही. व्यवसाय कर तेवढा कापणार नाहीत, बायकांना 25,000 पर्यंत तो माफ आहे.

3 वर्षं भरली की तू नियमित होतेस आणि वेतनश्रेणी लागते. प्राथमिकची एस-10, मूळ वेतन 29,200. तू एम.ए., बी.एड. असलीस तरी पद प्राथमिकचं, म्हणून श्रेणीही प्राथमिकचीच. इंग्रजी शाळेत काढलेली दोन वर्षं वेतननिश्चितीत धरत नाहीत. मला ते पटत नाही, पण माझ्या पटण्याला विचारतो कोण!

आता खरी मेख. वेतनवाढीला आधी 6 महिने नियमित सेवा भरावी लागते. 1 जानेवारीपर्यंत नियमित झालेल्याला येत्या 1 जुलैला वाढ मिळते, 29,200 चे 30,100 होतात. 2 जानेवारीला झालेल्याचे 6 महिने एका दिवसाने कमी पडतात आणि तो जुलै हातचा जातो. तुझी 3 वर्षं रुजू झाल्या तारखेपासून मोजणार. म्हणजे आता पाच जानेवारीला गेलीस, तर 3 वर्षांनी नियमितही पाच जानेवारीलाच होशील. मूळ वेतनात महिन्याला 900 चा फरक, वर त्यावरचा महागाई भत्ता. आणि हे मागे पडणं त्या एका वर्षापुरतं नसतं.

रुजू व्हायचं तेही सकाळी. मी पहिल्या नेमणुकीला निघालो तेव्हा तरीवर होडीच नव्हती, तांडेल जेवायला गेलेला. शाळेत पोचेपर्यंत दुपार टळली आणि रुजू अहवालावर 'मध्यान्होत्तर' पडलं. नोकरी दुसऱ्या दिवसापासून मोजली गेली. माझ्याबरोबरचा जो सकाळी हजर झाला, तो सेवाज्येष्ठतेच्या यादीत शेवटपर्यंत माझ्या वर राहिला. तू दाभोळहून धोपाव्याची पहिली फेरीबोट धर. 1 जानेवारीवर ठेवलंस आणि दुपार झाली, तर 2 तारीख धरतील, आणि मग वरचं सगळं आलंच.

नियमित झाल्यावर घरभाडं मूळ वेतनाच्या 10 टक्के, म्हणजे 2,920. त्यासाठी मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात, तेव्हा गावात खोली बघून ठेव. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जे होईल त्याचे 10 टक्के पेन्शनसाठी कापले जातील, शासन 14 टक्के घालेल. व्यवसाय कर महिना 200, फेब्रुवारीत 300. ती कपात बघून घाबरू नकोस.

आदेशाच्या पाच झेरॉक्स काढ. रुजू अहवालाची पोच घे. तारीख, 'मध्यान्हपूर्व' हा शब्द आणि शाळेचा गोल शिक्का, तिन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिथून हलू नकोस.

फवारणीचं मी तुझ्या बाबांशी बोलतो.

तुझे,
गुरुजी