बटणाला विचारू नका, मेथडला विचारा

म्हणजे पीएचपीचा फॉर्म कालपर्यंत नीट चालत होता. लोक दोनदा क्लिक करतात म्हणून सबमिट होताच बटण डिसेबल करणारी दोन ओळींची जावास्क्रिप्ट घातलीत, आणि तेव्हापासून डेटाबेसमध्ये काही जात नाही, एररही येत नाही. बरोबर?

कोडच्या सुरुवातीला इजसेट (एखादी गोष्ट आली आहे का, ही तपासणी) लावून पोस्टमध्ये, म्हणजे फॉर्ममधून आलेल्या माहितीच्या यादीत (अ‍ॅरेमध्ये), 'सबमिट' हे बटणाचं नाव आलंय का, हे बघताय ना? दुखणं तिथेच आहे. आधी सबमिट इव्हेंट होतो, मग ब्राउझर फॉर्ममधली माहिती गोळा करतो, आणि डिसेबल केलेलं काहीही तो उचलत नाही. नाव, मोबाइल, पत्ता सगळं सर्व्हरवर पोचतं. बटण तेवढं मागे राहतं, आणि तुमचा कोड नेमकी त्याचीच वाट बघतो.

मी यात एक आख्खी रात्र घालवली आहे. ड्रॉपडाउन बदलला की स्क्रिप्टमधून फॉर्म सबमिट करत होतो आणि खापर डेटाबेसवर फोडत होतो. शेवटी पोस्टचा व्हार-डंप काढला (आत काय आलंय ते छापून पाहिलं), तर सगळी फील्ड्स हजर, बटण गायब. स्क्रिप्टने फॉर्म डॉट सबमिट केलं की कुठलंच बटण जात नाही. (बटणाचं नाव 'सबमिट' असेल तर ते त्या फंक्शनलाच झाकून टाकतं, ती गंमत वेगळी.)

तेव्हा पीएचपीच्या सर्व्हर अ‍ॅरेमधली रिक्वेस्ट मेथड (माहिती कुठल्या पद्धतीने पाठवली ते) 'पोस्ट' आहे का, एवढंच तपासा. पोस्ट अ‍ॅरे रिकामा आहे का, यावर मात्र विसंबू नका. फॉर्ममध्ये नुसते चेकबॉक्स असतील आणि एकावरही टिक नसेल, तर अ‍ॅरे रिकामाच येतो. जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) पाठवलं तरी तेच. सगळ्यात फसवी केस मोठ्या फाइलची: पोस्ट-मॅक्स-साइझ या पीएचपी सेटिंगची मर्यादा, जी मुळात ८ एमबी असते, ओलांडली की पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे. मेथड पोस्ट, कंटेंट-लेंग्थ (आलेल्या माहितीचा आकार) भरपूर आणि अ‍ॅरे रिकामा दिसला, तर 'नाव भरा' असं दरडावू नका, फाइल मोठी झाली हे सांगा.

एका पानावर दोन फॉर्म असतील तर प्रत्येकात एक हिडन (पानावर न दिसणारं) फील्ड ठेवा, म्हणजे कुठला फॉर्म आला ते कळेल. 'जतन करा' आणि 'काढून टाका' अशी दोन बटणं असतील तरच कुठलं दाबलं ते बघा.

आणि दुहेरी नोंदीचं म्हणाल, तर बटण डिसेबल करून, रिफ्रेश केल्यावर तोच फॉर्म पुन्हा जाणं थांबत नाही. डेटा साठवला की ३०३ हा स्टेटस कोड देऊन दुसऱ्या पानावर पाठवा, आणि फॉर्मसोबत सेशनमधलं (सर्व्हरने त्या वापरकर्त्यासाठी जपलेलं) एकदाच चालणारं टोकन द्या. टोकन वापरून झालं की दुसरी रिक्वेस्ट आपोआप बाद.